बैठकीच्या आधीचा माणूस

सेत्सुओ कुरामोची हा कामाचा माणूस आहे, असं जपानातल्या कुवानाच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात कुणी पटकन म्हणणार नाही. कारण ते टेबलाशी सापडतच नाहीत. सकाळी ओतशाळेत, दुपारी तपासणी विभागात, चारला गोदामात. बगलेत ड्रॉइंगची सुरळी आणि खिशात चोपडी. वय सत्तावन्न. अठराव्या वर्षी इथे चिकटले ते चिकटलेच, आणि पद काय, तर उपप्रमुख. इंग्रजीचा तर आनंदीआनंदच. तरी पोलंडची, व्हिएतनामची, ब्राझीलची माणसं अडली की पहिला फोन त्यांनाच करायची. हे कोडं मिझुए हातानोला काही केल्या सुटत नव्हतं.

मिझुए त्यांची साहेब. चौतीस वर्षांची, टोरंटोत आठ वर्षं काम करून आलेली. तीन देशांतली माणसं घेऊन नवा पंप उभा करायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा कँटीनमध्ये शिंपल्यांचं सूप पिता पिता लोक बोललेच, कानामागून आली आणि तिखट झाली म्हणून. कुरामोचींनी मात्र पहिल्या दिवशी तिला कमरेत वाकून नमस्कार केला आणि सांभाळून घ्या म्हणाले. माणूस गरीब आहे, उपयोग काही नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

ब्राझीलच्या गढूळ, वाळू मिसळलेल्या पाण्यात पंपाचं रबरी सील चार महिन्यांत झिजायचं. तिथली प्रमुख रोझांजेला हिने दुसऱ्या जातीचं रबर सुचवलं. सूचना चांगली होती. मिझुएने फेब्रुवारीत बैठक बोलावली. आदल्या दिवशी कुरामोची हळूच म्हणाले होते, दोन आठवडे द्या, मी जरा सगळ्यांकडे फिरून येतो. फिरायला वेळ कुठाय, असं म्हणून तिने ते उडवून लावलं. बैठकीत पडद्यावर तिन्ही देश हजर. कुणाची हरकत आहे का, तिने विचारलं. सगळे मूग गिळून बसले. मग हात वर करायला सांगितले, तर झाडून सगळ्यांचे हात वर. वीस मिनिटांत काम फत्ते. मिझुएने त्याच दिवशी रोझांजेलाला कळवून टाकलं, की झालं.

झालं काहीच नव्हतं. मंजुरीचा कागद फिरायला निघाला. त्यावर अकरा चौकोन, अकरा शिक्के. पहिला कुरामोचींचा, तो लागला. दुसरा रबर विभागाचे प्रमुख उशिदा यांचा. त्यांच्या ट्रेमध्ये कागद गेला आणि तिथेच झोपला. विचारलं की म्हणायचे, बघतो. असे तीन आठवडे गेले. एकतीस मार्चला आमचं वर्ष संपतं. तोवर अकरा शिक्के झाले नाहीत, तर ब्राझीलचं काम बंद आणि रोझांजेलाची चौदा माणसं घरी बसणार. मिझुएला घास गोड लागेना. शेवटी ती कुरामोचींना शोधत गोदामात गेली.

"हात तर त्यांनीही वर केला होता ना?" तिने विचारलं.

"केला होता. तीन देशांसमोर ते नाही म्हणाले असते, तर तुमची फजिती झाली असती. त्यांनी तुमचा मान राखला, हातानोसान."

"मग मी जाऊन त्यांची माफी मागू?"

"तुम्ही नाही. जायला मीच हवं," कुरामोची म्हणाले आणि बराच वेळ ड्रॉइंगची सुरळी नीट करत राहिले.

गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. तेव्हा उशिदा आणि कुरामोची जिवाभावाचे दोस्त होते, शनिवारी एकत्र मासे धरायला जायचे. उशिदांच्या एका साच्यात खोट निघाली. कुरामोचींनी ती सोमवारच्या बैठकीत, बाहेरचं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, आकड्यांनिशी सिद्ध केली. आकडे अगदी बरोबर होते. उशिदा उभे राहिले, वाकले, माझी चूक आहे म्हणाले. त्या दिवसापासून दोघांत सकाळचं 'सुप्रभात' आणि घरी निघताना रीतीपुरतं 'दमलात' याखेरीज शब्द नाही. अरेतुरेतला दोस्त 'तुम्ही' म्हणायला लागला. आणि तेव्हापासूनच कुरामोचींचं हे फिरणं सुरू झालं. कुठलीही गोष्ट बैठकीत जाण्याआधी ते एकेकाच्या कामाच्या जागी जायचे, तुम्हाला काय सलतंय एवढंच विचारायचे आणि ऐकून चोपडीत लिहायचे. वाद घालायचा नाही, पटवायचं नाही. पोलंडातलं वार्सा असो की व्हिएतनामातलं हायफाँग, तीच रीत, फक्त फोनवर आणि दुभाषी धरून. सोळा वर्षांत ते सगळ्यांकडे फिरले. एका उशिदांकडे तेवढी पावलं वळली नव्हती.

बाकीच्या विभागांना ते चार दिवसांत भेटून आले. मग रोज सकाळी, कामाआधीच्या कवायतीची घंटा व्हायच्या आत, रबर विभागात जाऊन उभे राहू लागले. उशिदा साच्याकडे बघत. कुरामोची सीलच्या कडेचं फालतू रबर कात्रीने कापून देत. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. रबर विभागातली पोरं डोळ्यांनीच एकमेकांना विचारत, हे काय चाललंय. सहाव्या दिवशी, हातातली कात्री न थांबवता, कुरामोची बोलले. मिझुए त्यांना शोधत आली होती, ती दारातच थबकली.

"ते आकडे मला शुक्रवारीच मिळाले होते," कुरामोची म्हणाले. "मी शनिवारी तुला सांगू शकलो असतो. आपण मासे धरायला गेलोही होतो. मी ते खिशात ठेवले. सोमवारी सगळ्यांना दिसावं म्हणून."

उशिदांनी साचा बंद केला. पुसला. पुन्हा पुसला.

"त्या बाईचं रबर चांगलं आहे," अखेर ते म्हणाले. "पण थंडीत दगड होतं. हाच पंप पोलंडात जातो, तिथे उणे वीस असतं. सील फुटेल. मला कुणी विचारलं नाही."

दारातल्या मिझुएला कळून चुकलं. हाच कागद तिने पुढे दामटला असता, तर येत्या हिवाळ्यात पोलंडमधले पंप एकामागून एक गळायला लागले असते. जे ज्ञान तीन देशांच्या बैठकीत मिळालं नाही, ते या माणसाने सहा सकाळी कात्री चालवून मिळवलं होतं.

पुढचं भराभर झालं. कुरामोचींनी तिथूनच रोझांजेलाला फोन लावला, तिच्याकडे संध्याकाळ होती. मिझुए दुभाषी. उशिदांनी सीलचा तुकडा कॅमेऱ्यासमोर वाकवून दाखवला. रोझांजेलाने विचारलं, हे बैठकीत का नाही सांगितलं? मिझुएने प्रश्न जपानीत सांगितला. कुरामोचीच म्हणाले, "सांगा तिला, बैठकीत गप्प बसायला त्यांना मी शिकवलं." मग रबराची ही दोन माणसं, ती ब्राझीलमधल्या जॉइनव्हिलची आणि उशिदा कुवानाचे, हातवारे करत तासभर भांडली. निघालं ते असं, की वाळूकडच्या बाजूला नवं रबर, आत जुनं. थंडीच्या पेटीत ते आठवडाभर ठेवलं. फुटलं नाही.

अठ्ठावीस मार्चची बैठक सात मिनिटं चालली. उशिदा आणि रोझांजेला यांनी मिळून सांगितलं, बाकीच्यांनी माना हलवल्या, कारण प्रत्येकाची शंका आधीच त्या ड्रॉइंगमध्ये शिरली होती. मिझुए थक्क होऊन बघत होती. तिने इतिवृत्तात कुरामोचींचं नाव घातलं. ते म्हणाले, काढा ते. आता हा निर्णय त्या सगळ्यांचा आहे, माझं नाव आलं तर माझा होईल.

दुपारी नवा कागद रबर विभागातून परत आला. आमच्याकडे शिक्क्यालाही अदब असते. खालच्या माणसाचा शिक्का डावीकडे, वरच्याच्या चौकोनाकडे थोडा कलता मारायचा, म्हणजे तो वाकून नमस्कार करतोय असा दिसतो. उजव्या टोकाच्या पहिल्या चौकोनात कुरामोचींचा शिक्का नेहमीसारखा डावीकडे वाकलेला होता. त्याच्या डाव्या बाजूचा उशिदांचा. ते विभागप्रमुख, हुद्द्याने वरचे. त्यांचा शिक्का उजवीकडे, कुरामोचींच्या चौकोनाकडे वाकला होता.

मिझुएने दोनदा पाहिलं. चाळीस वर्षं साचे बसवणारा हात, तो केसभरही चुकायचा नाही. तिने कागद कुरामोचींच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते खुर्चीवरून उठले, हात मांड्यांना चिकटवले आणि भर कचेरीत, सगळ्यांच्या देखत, त्या कागदापुढे कमरेत वाकले, आणि कितीतरी वेळ वाकलेलेच राहिले.