खापराच्या नळाचं उद्घाटन

शहागंजामागच्या आमच्या गल्लीत आलिशान इमारत उभी राहणार होती. तिचं नाव ठरवायला पुण्याहून एक एजन्सी आली. पांढऱ्या बुटांतली पोरं चार दिवस गल्ली हुंगत फिरली आणि शेवटी नाव काढलं, ‘द नहर’. पुढे ‘द’ असल्याशिवाय आमच्याकडे फ्लॅटला भाव येत नाही. औरंगपुऱ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे, म्हणून माहितीपत्रकाचा मराठी मजकूर जुळवायला माझ्याकडे आला. ‘शतकांचा जलवारसा, आता आपल्या दारी.’ वर कारंज्याचं चित्र आणि कारंज्यापाशी हसणारं एक गोरंपान जोडपं. शहागंजात असं जोडपं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

नहर मात्र खरी होती. जमिनीखालून खापराच्या नळांतून पूर्वी सगळ्या शहरात पाणी यायचं. बाकीकडे ती कधीच मेली, आमच्या गल्लीतल्या हौदात तेवढी धार टिकून होती. महापालिकेचं पाणी आठवड्यातून कधीतरी तोंड दाखवणार, त्यामुळे अख्खी गल्ली हौदावर. माझ्या विधवा आत्याची खाणावळ तर त्याच्यावरच चालायची. कॉलेजच्या पोरांचे डबे, भांड्यांचे ढीग, सगळं त्याच पाण्यावर.

मग ‘द नहर’च्या पार्किंगसाठी खोदताना जेसीबीने नहर फोडली.

खड्डा पाण्याने भरला. मुकादमाने शिव्या घालत पंप लावला आणि पाणी गटारात सोडून दिलं. इकडे हौदाचा तळ दिसायला लागला, तशी आत्या पदर खोचून खड्ड्यापाशी गेली. मीही मागोमाग गेलो.

“साहेब, हे पाणी आमच्या हौदाचं हाय. नळ जोडून द्या.”

“काकू, हे नुसतं सीपेज आहे, जमिनीतून झिरपलेलं पाणी,” इंजिनिअर म्हणाला.

माहितीपत्रकात वारसा, खड्ड्यात सीपेज. माझं डोकं असं फिरलं की त्या इंजिनिअरलाच पंपाला जुंपावंसं वाटलं. आत्याने काही दिवस टँकर घेऊन पाहिलं, परवडेना. शेवटी मोठी पातेली विकली आणि खाणावळ बंद केली.

इमारत झाली. फोडलेल्या नळाचा एक तुकडा धुऊनपुसून लॉबीत काचेच्या पेटीत ठेवला, वर पिवळा दिवा. त्याचंसुद्धा उद्घाटन! त्यासाठी गल्लीतलं कुणीतरी जुनं माणूस हवं होतं, आणि त्यांनी नेमकं आत्यालाच बोलावलं. मी जाऊ नको म्हणत होतो.

“जाते की. बघू दे तरी, काय केलंय माज्या पाण्याचं.”

पेटीवरचं मखमली कापड तिने ओढलं. वाकून नळाच्या तोंडातून आत बघितलं आणि माईकसमोरच पाहुण्या पुढाऱ्याला विचारलं, “लई झ्याक ठिवलंय. पर हौदाला पाणी कवा सोडता?”

लोक खो खो हसले. टाळ्या पडल्या. बिल्डर तर डोळे पुसत होता. पुढाऱ्याने घाईघाईने तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि सगळे जेवायला वळले.

नव्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आत्याचा फोटो आला. खालची ओळ एजन्सीची: ‘आपला वारसा पाहून भारावलेल्या आजी.’ मी ते घरी नेऊन तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावून फोटो नीट पाहिला, मग पान उलटून मागेही पाहिलं.

“तोंड उघडं दिसतंय माजं,” ती म्हणाली. “मी काय म्हनले, ते कुठं लिवलंय?”