गाडीचं तोंड पूर्वेकडे

दिगंबरराव देशकरांना माणूस पोहोचल्याची खबर लागायची. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातली मराठी मंडळी त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायची. त्यांच्याकडून जेवून निघालेल्याचं घर पाच मिनिटांवर असलं, तरी ‘पोहोचलो’ असा फोन आल्याशिवाय हा गृहस्थ अंथरुणाला पाठ टेकत नसे. कुणी विसरलाच, तर त्याला झोपेतून उठवून वर विचारत, ‘‘झोपला होतात का?’’ तीस वर्षं मोटारींचे ब्रेक तपासायची नोकरी केलेला माणूस. गाडी वेळेवर थांबली नाही तर काय होतं, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं, की निघालेली प्रत्येक गाडी त्यांना कुठेतरी आदळलेलीच दिसायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा, ईशान, जनावरांचा डॉक्टर झाला आणि थेट वायोमिंगला गेला. तिथे माणसांपेक्षा गाई जास्त. मागच्या वर्षी मार्चमध्ये अडलेल्या एका गाईसाठी तो दूरच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मळ्यावर, निघाला आणि बर्फात त्याची गाडी रस्ता सोडून उलटली. एकतीस वर्षांचा होता. पोलिसांचा अहवाल दोन पानी आला. त्यात एक ओळ होती : गाडीचं तोंड पूर्वेकडे.

रँच पश्चिमेला होती.

सुचित्राबाईंनी ती एक ओळ धरून ठेवली. चौदा महिने त्या नवऱ्याला तेच विचारत होत्या, ‘‘तो परत का फिरला हो? बरं वाटत नव्हतं का त्याला? कुणी काही बोललं का?’’ त्यांचे गुडघे कामातून गेलेले, त्यांना एवढा प्रवास जमणार नव्हता. रँचच्या मालकिणीचा नंबर अहवालात होता. दिगंबररावांनी तो एका चिठ्ठीवर उतरवून पाकिटात ठेवला आणि कधीही फिरवला नाही. बायकोला सांगत, ‘‘लागत नाही.’’

त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीला कारण होतं. ईशान गेला त्याच्या आदल्या डिसेंबरात त्याचा दीड दिवस फोन आला नव्हता. दिगंबररावांनी ऑफिसमधून तिथल्या शेरीफला, म्हणजे पोलिसांच्या मुख्य साहेबालाच, फोन लावला : माझा मुलगा बेपत्ता आहे. तासाभरात लाल-निळे दिवे फिरवत पोलिसांची गाडी एका गोठ्याशी थांबली. आत ईशान खांद्यापर्यंत हात घालून एका गाईच्या पोटातलं वासरू वळवत होता. पुढे महिनाभर सगळा मुलूख त्याला ‘हरवलेला डॉक्टर’ म्हणत होता.

‘‘बाबा, यू कान्ट डू धिस!’’ तो फोनवर ओरडला होता. ‘‘मी करीन कॉल. एव्हरी सिंगल टाइम, ओके? जस्ट डोन्ट कॉल द शेरीफ अगेन.’’ हे बापलेकांनी सुचित्राबाईंच्या कानावर जाऊ दिलं नाही. आणि खरंच, त्यानंतर ईशानचा फोन एकदाही चुकला नाही. दिगंबररावांना तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं.

शेवटी या मे महिन्यात बायकोपुढे त्यांचं काही चालेना, म्हणून ते निघाले. विमानतळावर भाड्याची गाडी घेतली आणि चार तास हाकली. गावाच्या पाटीवर लोकसंख्या चौदा. पुढच्या गावाच्या पाटीवर सहा, आणि ते सहाही दिसले नाहीत. वाऱ्याने वाहून येणारा बर्फ अडवायला माळावर लाकडी फळ्यांची कुंपणं घातली होती, त्यांच्या आडोशाला हरणांचे कळप उभे होते. समोरून कधीतरी एखादा पिकअप यायचा, आतला माणूस स्टीअरिंगवरून एक बोट उचलायचा आणि निघून जायचा. फोनवरचं सिग्नल केव्हाच गेलं होतं. असल्या मुलखात आपण रोज पोहोचल्याचा फोन मागत होतो, हे दिगंबररावांना पहिल्यांदा दिसलं. गाडी वळवावी असं दोनदा मनात आलं.

रँचची मालकीण मार्जी सत्तरीची, एकटी राहणारी. ईशानचा बाप म्हणून त्यांनी ओळख सांगताच तिने दारातच त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. कॉफी दिली. मग न विचारताच सांगायला लागली, कारण बापाला ऐकायचं असणार असं तिला वाटलं.

‘‘तो पोहोचला होता हो. चारच्या आत. तासभर झगडला आणि वासरू जिवंत काढलं. हात धुऊन इथेच, तुम्ही बसलाय तिथेच, सूप प्यायला. वादळाने माझी फोनलाइन तुटलेली. मी म्हटलं, आज इथेच झोप. तर म्हणाला, सहा मैल मागे टेकडीवर सिग्नल मिळतं, फोन करून येतो. मी म्हटलं, उद्या कर की. तर हसला. म्हणाला, नाही केला तर माझे वडील शेरीफला पाठवतील.’’

तिने त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली. ‘‘मलाही हसू आलं. म्हटलं, भाग्यवान आहेस पोरा. मी त्याला थांबवायला हवं होतं.’’

‘‘तुमची काही चूक नाही,’’ दिगंबरराव म्हणाले. आवाज आपलाच आहे का, असं त्यांना वाटलं.

टेकडीला दीड मैल उरला असताना गाडी घसरली होती. मार्जीने त्यांना खिडकीतून ती कालवड दाखवली, ईशानने ओढून काढलेली. चांगली धष्टपुष्ट झाली होती. चरत होती. दिगंबररावांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना तिचा राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली.

परतताना त्या टेकडीवर फोन एकदम वाजायला लागला. त्यांनी गाडी कडेला घेतली. येताना त्यांनी ठरवलं होतं, जे असेल ते घरी जाऊन सांगायचं, शेरीफच्या फोनसकट सगळं. सुचित्रा बोलेल, ओरडेल, कदाचित तोंडही पाहणार नाही. पण ओझं दोघांचं होईल.

‘‘विचारलंत?’’ सुचित्राबाई म्हणाल्या. ‘‘का परत फिरला होता?’’

त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘‘गाईचं औषध संपलं होतं. आणायला निघाला होता.’’

पलीकडे सुचित्राबाई रडायला लागल्या, चौदा महिन्यांत रडल्या नव्हत्या इतक्या मोकळ्या.

‘‘म्हणजे कामासाठीच ना? अहो, सकाळी मीच त्याला बजावलं होतं, पोहोचलास की लगेच कळव. मला रोज वाटायचं, माझ्या त्या फोनसाठीच माझा मुलगा... तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती.’’

‘‘नाही गं. तुझा काही संबंध नाही.’’

‘‘तुम्ही गेलात म्हणून सुटले मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्याशिवाय कोणी केलं असतं हे माझ्यासाठी?’’

दिगंबररावांनी तोंड उघडलं. पण आता एक शब्द जरी खरा बोलले, तरी त्या पुन्हा त्याच खड्ड्यात जाणार होत्या, आणि या वेळी नवऱ्याच्या हाताने. ‘‘हूं,’’ एवढंच ते म्हणाले. त्या किती तरी वेळ आभार मानत राहिल्या आणि ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.