जळगाव ते नरडाणा, पावसात, नानांसोबत

गेल्या रविवारी जळगावात होतो, सासुरवाडीला. नवी गाडी दाखवायला गेलो होतो... खरं सांगायचं तर मिरवायला. दोन सीटची स्पोर्ट्स कार. सेकंडहँड आहे, पण ॲक्सिलरेटरला नुसता पाय लागला तरी पाठ सीटला चिकटते. सासूबाईंनी गाडीला ओवाळलं आणि शांतपणे विचारलं, बाकीची माणसं कुठे बसतात?

दुपारी फोन आला. नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मोठी बहीण गेली. अक्का. नरडाण्याजवळच्या एका गावात दिलेली. नाना सकाळपासून जामनेरला गेले होते. त्यांना निरोप गेला आणि घरचे सगळे मोठ्या गाडीने पुढे निघाले. नानांना घेऊन यायचं काम माझ्याकडे आलं.

नाना आले ते हातात पिशवी घेऊनच. वाटेत बाजारातून हिरवं लुगडं घेतलं होतं. आमच्याकडे बाई सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत, आणि ते भावानेच घालायचं. अक्कांना भाऊ हा एकच. तिकडे सगळे खोळंबलेले... पण अंधार पडेपर्यंतच थांबणार होते. त्यानंतर नानांशिवाय उरकणार.

पाळधी सोडली आणि पाऊस सुरू झाला. साधासुधा नाही, वायपर फुल स्पीडला टाकला तरी समोरचा ट्रक दिसेना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या नेहमीच्या बहुतेक गाड्यांना पुढची चाकं ओढतात, हिला मागची ढकलतात. ओल्या रस्त्यावर जरा जास्त दाबलं की मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडीचं बूड पुढे यायला बघतं. एंजिन जेवढं ताकदवान तेवढा घोळ जास्त.

मी रेन मोड लावला. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरायला लागली की ताकद कमी करणारी यंत्रणा, चालू आहे ना, ते दोनदा बघितलं. गिअर एक वरचाच ठेवला, म्हणजे चाकांना झटका बसत नाही. पुढच्या ट्रकच्या चाकांनी जिथलं पाणी उडवलं होतं, त्याच पट्ट्यातून चाललो, भरपूर अंतर ठेवून. जिथे पाणी साचलेलं, तिथे आधीच वेग कमी. ना ब्रेक जोरात, ना स्टिअरिंगला हिसका.

आणि काय सांगू... सगळं जग आम्हाला मागे टाकून गेलं! एसटी गेली. केळी भरलेला पिकअप गेला. एक म्हातारी ओम्नी गेली, तिचा मागचा दरवाजा दोरीने बांधला होता. माझी कानशिलं तापली.

जावयाला बोलायचं नाही हा नानांचा नियम. पण गुडघा सारखा हलत होता. काच पुसायची, बाहेर बघायचं, आभाळ बघायचं, पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर... एरंडोल गेलं का, एवढंच दोनदा विचारलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पारोळ्याच्या पुढे फोन वाजला. तिकडे पाऊस थांबला होता, लाकडं रचून झाली होती, मंडळी घाई करत होती. नाना नुसतं हो हो म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं सहन झालं नाही.

मी दाबली.

शेतातून ट्रॅक्टर हायवेवर चढतात तिथे काळ्या मातीचा गारा पडलेला असतो. पाऊस पडला की तो लोण्यासारखा होतो. इतकी वर्षं या रस्त्याने ये-जा आहे, मला माहीत होतं. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. मागची चाकं त्यावर गेली आणि गाडीचं बूड सरळ डावीकडे निघालं.

पाय ब्रेककडे धावत होता, कसाबसा आवरला. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला, बूड जिकडे चाललं होतं तिकडेच स्टिअरिंग थोडं वळवलं, नजर रस्त्यावर पुढे ठेवली. गाडी एकदा डुलली, दुसऱ्यांदा डुलली... आणि सरळ झाली. मागे कोणी नव्हतं म्हणून आज ही पोस्ट लिहितोय.

बाजूला घेऊन थांबलो. नानांनी पिशवी छातीशी आवळून धरली होती. मला वाटलं, आता बोलणार. बोलू दे, माझी चूकच होती.

नाना एकदम बोलले, आधी त्यांच्या खानदेशीत. "थांबी ती." थांबेल ती. "लहानपणी शाळेत जाताना मी मागे राहिलो की अक्का बांधावर उभी राहायची. मला टाकून कधी गेली नाही. तुम्ही हळू चला, जावईबापू."

पुढचा सगळा रस्ता मी हळूच चालवला. धुळं मागे पडलं. नानांचा गुडघा हलतच होता, माझीही धाकधूक गेली नव्हती, पण पाय मात्र शहाण्यासारखा वागला.

पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. अंगणात माणसं उभी होती, अक्कांना अजून उचललं नव्हतं. नानांनी लुगडं अंगावर घातलं, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि तिथेच बसले... मग मोठ्याने रडले.

नंतर भाऊबंदांपैकी एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, एवढी गाडी घेऊन एवढा उशीर? नानांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मीच सांगितलं त्यांना, हळू चला म्हणून."

लुगडं काय, कोणाच्याही हाती पाठवता आलं असतं. अक्कांना भाऊ पोचायला हवा होता. तो पोचला. नाना, त्या रस्त्यावर मला सांभाळलंत, आणि त्या अंगणातही.