इरफानने पाठवलेली खोली

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे, त्यामुळे हे लिहिताना कसंतरीच वाटतंय. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय.

मी लोणावळ्यात बंगल्यांची थ्रीडी चित्रं करून देतो. बंगला बांधायच्या आधी तो कसा दिसेल ते कॉम्प्युटरवर दाखवायचं, हे माझं काम. आमचा चार मित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दर रविवारी दुपारी एकाने कुठल्यातरी सिनेमातला प्रसंग थ्रीडीत बनवून टाकायचा आणि बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा. नियम एकच – माणूस दाखवायचा नाही, फक्त जागा आणि वस्तू.

आमच्यातला इरफान कामशेतला ग्रिल-दरवाजे बनवतो. थ्रीडी तो आपलं आपणच शिकला. त्याची खोड अशी, की टेपने मापल्याशिवाय तो काही बनवतच नाही. सिनेमातलं टेबल हवं असेल तर आधी घरचं टेबल मापून घेईल. यावरून मी त्याला फार पिडायचो.

तर त्या रविवारी त्याने एक खोली टाकली. लाकडी खाट, तिच्या आखूड पायाखाली अर्धी वीट. फुटक्या खिडकीला लावलेली खताची पिवळी गोणी. जमिनीवर आडवा पडलेला तांब्या... आणि खाटेखाली पार भिंतीपर्यंत गेलेली काठी.

ती आमच्या गावची, बेडश्यातली आबांची खोली होती. आबा म्हणजे माझे वडील. इरफानने ती कधीच पाहिली नव्हती. बाकीच्या दोघांनीही नाही, कारण आबा माझ्याकडेच राहतात असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. प्रत्यक्षात ते गावी एकटे होते. शेजारची ठकूमावशी त्यांना जेवण द्यायची आणि मी चार महिने तिकडे फिरकलो नव्हतो.

काठी मी मोठी करून पाहिली. आबांना काठीशिवाय उठताच येत नाही. लगेच निघावंसं वाटलं... बाइकवर तासाभराचा तर रस्ता. पण तसाच उठून गावी गेलो, तर खोली ओळखली हे सांगावं लागणार आणि माझं खोटं उघडं पडणार. मी एका जुन्या रडक्या सिनेमाचं नाव टाकलं. वर लिहिलं, "इरफानभाऊ, खाटेचा पाय आखूड झालाय. टेप तुटली काय?" दोघांनी हसणारे चेहरे टाकले. मी फोन उलटा ठेवला आणि झोपलो. हो, झोपलो.

सोमवारी सकाळी ठकूमावशीचा फोन आला. ती आदल्या दिवशी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला गेली होती आणि रात्री लेकीकडेच राहिली होती.

"लवकर ये बाबा. आबा कालधरनं भुईवर पडल्यात."

आबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. रविवारी दुपारी पाणी प्यायला उठले आणि पडले. तांब्या आडवा, काठी खाटेखाली. मला बघून म्हणाले, "फोन खिडकीत व्हता, हात पुरंना. आन् तुला तरी सुट्टी कुटं असती म्हना."

इरफान दवाखान्यात भेटायला आला. त्याला मी सांगितलं, आबा चार दिवस गावी राहायला गेले होते, तिथे पडले. म्हणजे तेव्हाही खोटंच. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती खोली कुठली मापली होतीस?"

"मापलीच नाय," तो म्हणाला. "शुक्रवारी लाइट गेलेली, बसल्या बसल्या लॅपटॉपवर आपोआप होत गेली. पिक्चर कुठला तेपण आठवंना. म्हटलं, तुमच्यातला कोणतरी ओळखंल."

शुक्रवारी. आबा पडले रविवारी. मी त्याच्याकडून फाइल मागून घेतली, ती शुक्रवारचीच होती. मग बेडश्याला जाऊन टेप लावली. खाट जुळली, खिडकी जुळली. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही, आणि कोणी समजावून सांगेल अशी आशाही नाही.

आबा आता खरोखर माझ्याकडे असतात. अंथरुणावरच. इरफान आठवड्यातून एकदा येऊन त्यांच्याशी गप्पा मारत बसतो. परवा असाच बसला होता, आणि मधेच मला म्हणाला, "तो खोलीवाला पिक्चर तुमच्यातल्या कोणीच ओळखला नाय ना रे शेवटपर्यंत?"

आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही."