येथे मूठ मारून मिळेल

गॅरेजात गाड्या येतात आणि जातात, किस्से मात्र येतात ते इथंच मुक्काम ठोकतात! कुणी चहाला टेकलं की एक निघतो, तो संपायच्या आत दुसरा रांगेत उभा. त्यातल्या त्यात कळंबच्या आमच्या गॅरेजातले गरम मुठींचे किस्से असे आहेत, की सांगताना आजही मला धक्का बसतो. माझा पार्टनर रशीदभाई जुन्नरचा, वायरिंगमधला मास्टर. मी इंजिनवाला. वायर दिसली की मी दोन पावलं मागं!

आता गरम मूठ म्हणजे काय? लांब फिरणाऱ्या गाडीच्या हँडलच्या साध्या मुठी काढायच्या आणि आत तापणारी तार असलेल्या बसवायच्या. बटण दाबलं की तळहात शेकतो. जानेवारीत सकाळी माळशेज घाटात गाडी घालून बघा, मग कळेल ती काय चीज आहे!

*

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचे एक साहेब. कोरी करकरीत टूरिंग गाडी, मुठी त्यांनीच आणलेल्या.

"बसवता येतील ना?"

"का न्हाई येणार!" रशीदभाई म्हणाला. ती वस्तू आम्ही दोघंही जन्मात पहिल्यांदा बघत होतो!

बसवल्या. दिसत पण झकास होत्या. साहेबांनी गाडी सुरू केली, वळवायला म्हणून हँडल डावीकडं फिरवलं, आणि गाडी एकटीच बोंबलायला लागली! एक्सलेटर कुणी पिळला नाही, तरी इंजिन ठणाणा करतंय! साहेबांचा चेहरा पांढराफटक. मुठीची वायर आम्ही इतकी ताणून बांधली होती, की हँडल फिरलं की वायरच एक्सलेटर पिळत होती.

रशीदभाईनं शांतपणे चावी बंद केली. "साहेब, टेस्टिंग व्हतं. गाडी पास झाली!"

साहेबांच्या जागी मी असतो तर पान्हा फेकून मारला असता.

*

वायर सैल करून साहेबांना भीमाशंकरला रवाना केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"अहो, गाडी स्टार्टच होत नाहीये!"

"आणि मुठी?" मी भीतभीत विचारलं.

"मुठी कोमट आहेत!"

मी रशीदभाईकडं बघितलं. रशीदभाईनं वर पत्र्याकडं बघितलं. मुठींची वायर त्यानं थेट बॅटरीला दिली होती. चावी काढली तरी मुठी आपल्या तापतच राहिल्या, आणि बॅटरी झाली साफ! बिचारा रशीदभाई दुसरी बॅटरी पायाशी घेऊन घोडेगावमार्गे वर गेला. दुपारी परत आला.

"काय म्हणाले साहेब?"

"लई शिव्या दिल्या राव. पण मुठीवरचा हात काय काढला न्हाई!"

तेव्हापासून चावी बंद तर मूठ बंद, असं वायरिंग आम्ही शिकलो. साहेबांनीही मोठ्या मनानं आणखी चार जणांना पाठवलं. काम वाढलं. मग आम्हाला बोर्ड लावायची हौस आली, आणि तिथंच आमचं चुकलं.

*

पेठ गावचा पेंटर आला. आम्ही दोघं एका गाडीखाली. तो रंगवून गेला, आणि संध्याकाळी मी बोर्ड वाचला. पिवळ्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'येथे गरम मूठ मारून मिळेल'.

मूठ मारणं म्हणजे मंत्र मारून माणूस आडवा करणं! भर हायवेवर, आमच्या नावानिशी, करणीची जाहिरात! पेंटरला फोन लावला.

"अरे, मूठ बसवून मिळेल असं सांगितलं होतं ना!"

"भाऊ, चाकात हवा मारत्यात, चेनला ग्रीस मारत्यात, टाकीला पॉलिश मारत्यात. मंग मुठीनंच काय घोडं मारलंय?"

आजच्या आज बदल म्हणून मी ओरडलो. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात येऊन दुरुस्त करतो.

*

तिसऱ्या दिवशी बोरी बुद्रुकचे एक बाबा आले. धोतर, टोपी, काखेत पिशवी. मी आत होतो, रशीदभाई पुढं. सगळं मला ऐकू येत होतं.

"मूठ व्हती का हितं?"

"व्हती की बाबा. कुणासाठी पायजे?"

"भावासाठी."

रशीदभाईला वाटलं, भावाची गाडी असेल. "डावी-उजवी दोन्ही घ्यावी लागंल. एकीनं भागत न्हाई."

"दोन्ही घिऊ. लई तरास दिलाय त्यानं. बांध कोरत कोरत माझ्या हिरीपातूर आलाय!"

"पाच लेवल असत्यात. एकवर नुसतं कोमट, पाचवर पार चटका."

"पाच!" बाबा ताडकन म्हणाले. "आन किती दिसात आडवा व्हईल?"

रशीदभाईच्या हातातला टेस्टर खाली पडला. "कोण आडवा?"

"भाऊ!"

मी धावत बाहेर आलो. हात जोडून सांगितलं, की बाबा, ही गाडीची मूठ, हँडलची! बाबांनी आम्हाला खालून वर न्याहाळलं, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"समजलं," ते पुटपुटले. "त्यो माझ्या आधीच यिऊन गेलाय वाटतं!"

आणि पिशवी छातीशी धरून जे निघाले, ते मागं वळून बघायला तयार नाहीत!

*

ही बातमी चौकात फिरायला अर्धा तास पुरला. आमच्या गाळ्याची मालकीण इंदूकाकू, सत्तरीच्या, मागच्याच खोल्यांत राहतात. आवाज असा, की त्यांच्यापुढं एसटीचा हॉर्न लाजावा. चार लोकांसमोर त्या कडाडल्या, "माझ्या गाळ्यात असले धंदे? आठ दिस देते. गाळा खाली करा!"

नऊ वर्षांचं गॅरेज, आणि दोघांची घरं त्या एका शटरवर चालतात! हायवेला लागून असा गाळा पुन्हा कुठला मिळायला?

पेंटरला अक्षरशः उचलून आणलं. तो म्हणाला, एक शब्द खोडला तर अख्खा बोर्ड खराब दिसंल, त्यापेक्षा खाली एक ओळ वाढवतो. आणि त्यानं ठळक अक्षरात ओळ वाढवली, 'फक्त गाड्यांना'.

दुसऱ्याच दिवशी एक टेम्पोवाला आमच्या दारात येऊन गरजला, "कालपासून माझा टेम्पो चढाला दम टाकतोय. बऱ्या बोलानं मूठ उतरवा!"

रशीदभाईनं मुकाट्यानं बॉनेट उघडलं, फिल्टर साफ केला. टेम्पो पळायला लागला. टेम्पोवाला रशीदभाईच्या पाया पडला! आता तर सगळ्या गावाची खात्रीच पटली.

*

आठवा दिवस. दुपारी इंदूकाकू आल्या. आम्ही तयारीतच होतो. एक मूठ बॅटरीला जोडून त्यांच्या हातात दिली.

"आगं बया, ग्वाड शेकतंय की!"

मग रशीदभाईनं तीच मूठ ब्लेडनं चिरून आतली तार दाखवली. "बघा काकू. तार हाय, बाकी काय न्हाई."

"मंतर?"

"न्हाई."

"राख, लिंबू?"

"काय न्हाई काकू, नुसती बॅटरी. आईशप्पथ!" मी म्हणालो. वाचलो, असं मनात म्हटलं.

काकूंनी बाहेर डोकावून बघितलं. स्वतःच्या हातानं शटर अर्धं खाली ओढलं. कमरेचा बटवा सोडून त्यातून एक घडी केलेला कागद काढला आणि आमच्या बाकड्यावर पसरला. नुसती नावं होती. पाठपोट!

आम्ही दोघांनी आधी त्यात आपली नावं आहेत का ते बघितलं.

"सगळी आठवून लिवायला मला आठ दिस लागले," काकू म्हणाल्या. "खरंच येत न्हाई तुमाला?"

"न्हाई हो काकू!"

त्यांनी कागदाची घडी घातली, बटव्यात ठेवली, आणि उठल्या.

"मंग गाळा खाली करा!"