अंगाऱ्याची पुडी आणि साबण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं. अल्लीपूरच्या घरी ओसरीवर, मध्ये टोपली. "तुमचे निम्मे दाणे टरफलातच राह्यतात," असं बायको म्हणाली आणि तिची मान कलली. टोपली तशीच राहिली.

वर्ध्याच्या दवाखान्यात कळलं, मेंदूत रक्त सांडलं. आयसीयूत घशात नळी टाकली, मशीन श्वास देऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, नळीमुळे छातीत जंतू शिरायची भीती असते, म्हणून आधीच अँटिबायोटिक देतो. मी म्हटलं, ताप नाही, खोकला नाही, मग काऊन? दुसऱ्या दिवशी ते बंद केलं, तर मी उलटा भांडलो की चालू ठेवा. जास्त दिलं तर जंतू औषधाला जुमानत नाहीत, म्हणे. शिवाय आत जाताना दर वेळी साबण. जन्मभर मातीत राबलेल्या म्हाताऱ्याला हात धुवायला शिकवत होते. मी डॉक्टरवर चिडलो, गावच्या मठातल्या महाराजांवरही चिडलो. इतकी वर्षं गुरुवार धरले, त्याचं हे फळ?

आमच्याकडे आजाऱ्याच्या जिभेवर अंगारा ठेवायची रीत आहे. तिसऱ्या दिवशी मी त्याच मठातून पुडी आणली आणि टोपीत लपवून आत नेली. चिमूट काढून तिच्या तोंडाकडे नेली, तोच सिस्टरने माझं मनगट धरलं. पोरगी माझ्या नातीएवढी.

"बाबा, अंगारा माह्या घरीबी लावतात. पण कण नळीपाशी गेला तं छातीत जाईन. अन् हे बोटं आत्ता टोपीले लागले."

"तू का देवापरीस मोठी झाली व?"

"नाई. पण या खाटेची राखण माह्यावर हाय."

तिने पुडी स्वच्छ पिशवीत बंद करून खिडकीत ठेवली आणि मला नळापाशी नेलं. तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. म्हणाली, महाराजांचं नाव घेत धुवा, घाई करू नका. मग म्हणाली, "आता त्यायचा हात धरा. तीन दिवस झाले, तुमी नुसते पायथ्याशी उभे राहून भांडता."

खरंच, मी एकदाही तिचा हात धरला नव्हता. धरला. माझ्या अंगठ्याला जुनी भेग आहे, घरी ती त्यावर तेल चोळायची. तिचा अंगठा त्या भेगेवरून हळूच फिरला. डॉक्टर म्हणाले, बोटं आपोआपही हलतात. हलत असतील. मी वाद घातला नाही, पहिल्यांदाच.

पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, छाती शेवटपर्यंत साफ होती. साफ छातीचं मी काय करू, असं तेव्हा वाटलं. पण ताप नाही, तडफड नाही, असे दोन दिवस तिचा हात माझ्या हातात राहिला. मागितलं ते मिळालं नाही आणि मिळालं ते मागायची मला अक्कल नव्हती. मी महाराजांची वाट पुडीत पाहत होतो. ते आले ते माझं मनगट धरायला, असं मी मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतक होतं, देवाला हात लावता येत नव्हता. मी नळावर गेलो. तळहात, बेचक्या, अंगठे, नखं, मनगट, नाव घेत धुतले. मग ओसरीवर बसलो आणि टोपलीतल्या सुकत आलेल्या शेंगा सोलल्या, एकही दाणा टरफलात न ठेवता.