सहा सारख्या साड्या

एकाच रंगाच्या सहा साड्या कोण घेतं, तुम्हीच सांगा. लग्नात मानपानाच्या घेतात म्हणाल, तर तिथंही बायका रंग बदलून मागतात आणि वर नाकं मुरडतात. नाशिकरोडच्या बाजारात माझी मैत्रीण दुकानदाराला सांगत होती, मालेगावची सुती दाखवा, मातकट रंग, बारीक काठ, सहा द्या आणि सहाच्या सहा सारख्या द्या. मी शेजारच्या स्टुलावर बसून दुकानदाराचा चहा पीत होते. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

संशय हा माझ्या पोटापाण्याचाच भाग. तहसील कचेरीत कारकून म्हणून जन्म गेला. सही एका शाईनं आणि तारीख दुसऱ्या शाईनं घातलीय, हे मला टेबलाच्या पलीकडून दिसतं. समोरचा माणूस जरा जास्त गोड बोलायला लागला की मी आधी त्याचा अर्ज उलटा करून मागची बाजू बघते. घरीही तेच. दूधवाला मला टरकून असतो.

फक्त ह्या बाईच्या बाबतीत मी कधी कागद उलटा करून पाहिला नव्हता. ती कॅथलिक, दवाखान्यात नर्स, लग्न न केलेली. आमच्या बिल्डिंगमध्ये दारासमोर दार. माझे मालक गेले तेव्हा तिनं मला तीन महिने स्वतःच्या हातानं जेवायला वाढलं. माझा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, तेव्हापासून संध्याकाळचा चहा एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. मुलाच्या नोकरीसाठी मी सोळा सोमवार केले होते, तेव्हा उद्यापनाला त्र्यंबकेश्वरला माझ्याबरोबर तीच आली. मी आत दर्शनाला गेले आणि ही बाहेर चपला सांभाळत, चुरम्याचा डबा मांडीवर घेऊन बसली. नंतर मला विचारत होती, चुरम्याचे तीन वाटे का करायचे. मी सांगितलं, एक देवाचा, एक लोकांचा, एक घरचा, आणि मग व्रत संपलं, बाई मोकळी झाली. हे सगळं तिला मी स्वतः शिकवलं होतं. हे लक्षात ठेवा.

आमचं ठरलेलंही होतं. मी निवृत्त झाले की सायखेड्याला जायचं. माहेरच्या जमिनीत भावाकडून मी दोन खोल्यांपुरती जागा मागून ठेवली होती, नदीच्या बाजूला. तिथंही दारासमोर दार ठेवायचं आणि चहाच्या पाळ्या चालू ठेवायच्या, असं आम्ही हसत हसत किती वेळा बोललो असू. तिच्या हसण्याचं मला माहीत नाही. मी मात्र खोल्यांचा नकाशासुद्धा काढून घेतला होता.

तर त्या साड्या. घरी आल्यावर तिनं पिशवी कॉटवर ठेवली आणि सांगितलं की ती आणि आणखी दोघी मिळून सिस्टर लोकांची, म्हणजे दवाखान्यातल्या नव्हे, चर्चच्या सिस्टरांची, एक नवी संस्था काढताहेत. ज्यांच्या उशाशी बसायला कुणी नाही अशा आजारी माणसांच्या घरी जायचं, त्यांना धुवायचं, पुसायचं, जखमा बांधायच्या. देवळाली कॅम्पला जुना बंगला भाड्यानं मिळालाय. बिशप म्हणाले, सुरू करा, काही वर्षं बघू. ती नोकरी सोडून तिथं राहायला जाणार होती. मी ऐकत होते आणि डोकं चालवत होते. तिघी असाल तर साड्या सहा कशाला, म्हटलं. तर म्हणाली, प्रत्येकीला दोनच, एक अंगावर आणि एक दोरीवर.

हिशेब बरोबर होता, म्हणून मी आणखीच चिडले. त्रेपन्नाव्या वर्षी हे कुणी डोक्यात भरवलं, विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "कुणी भरवलं नाही. एक वर्ष शिकायचं आणि मग तीन वर्षांचं व्रत घ्यायचं."

व्रत म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. चार वर्षं. मी बोटांवर मोजलं, माझी निवृत्तीही चारच वर्षांवर होती. म्हटलं जा बाई, कर तुझं व्रत. उद्यापनाला मी चुरमा घेऊन येते आणि तशीच तुला सायखेड्याला घेऊन जाते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या हातचा चुरमा खाऊन खूप वर्षं झाली." एवढंच.

मी दर रविवारी देवळाली कॅम्पची बस पकडायला लागले. मैत्रिणीला भेटायला तर जात होतेच, पण खरं म्हणजे पहारा करायला. माझा सगळा संशय त्या तिघींतल्या केरळच्या सिस्टरवर होता. ही बाई आधी एका मोठ्या, जुन्या संस्थेत होती आणि वीस वर्षांनी ती सोडून आली होती. का सोडली? आमच्या कचेरीत कुणी उगाच वीस वर्षांची खुर्ची सोडत नाही, काहीतरी चौकशी मागे लागलेली असते. बोलायची हसून हसून, मोडक्या मराठीत, अर्धी हिंदी मिसळून. मला 'ताई तुम्ही बस' म्हणायची. माझी खात्री होती की हिनंच माझ्या मैत्रिणीला नादी लावलं, आणि हिचा डोळा मैत्रिणीच्या फ्लॅटवर आहे.

मी बिशपांचं पत्र बघायला मागितलं. मैत्रिणीनं हसत आणून दिलं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला. शिक्का गोल, ठसठशीत, जागच्या जागी होता. इतका व्यवस्थित कागद आमच्याकडे फक्त लबाड लोक आणतात, त्यामुळे मला रात्रीची झोप लागेना. मग मी ओळख काढून तिच्या फ्लॅटच्या कागदांचीही चौकशी केली. तो तिनं केव्हाच भावाच्या मुलीच्या नावानं करून दिला होता. संस्थेला एक वीटही नाही. माझं तोंड पडलं, पण मी काही सोडणारी नव्हे. म्हटलं, फ्लॅट नसेल तर दुसरं काहीतरी असणार.

बंगल्यात आतलं काही विचारायला मला कमीपणा वाटायचा, म्हणून मी दोरी मोजायचे. प्रत्येकीला दोनच साड्या, म्हणजे दोरीवर जितक्या साड्या तितक्या बायका. बस वळणावर हळू व्हायची तेवढ्यात परसातली दोरी दिसायची. पहिलं वर्षभर तीनच साड्या. त्यातली मधली माझ्या मैत्रिणीची, कारण ती पदर कधी धड पिळत नाही, त्यातून पाणी गळत असायचं. कडेची केरळवालीची, इस्त्री केल्यासारखी ताठ. तिसरी सुरगाण्याकडच्या एका तरुण मास्तरणीची, जी शाळेतली नोकरी सोडून आली होती. तीनच आहेत तोवर हे प्रकरण आपोआप मोडेल असं मी धरून चालले होते.

मोडलं नाही. दुसऱ्या वर्षी दोरीवर पाच झाल्या. मग एका रविवारी सात. त्या दिवशी मी बसमधून उतरले ती तरातरा आत गेले आणि विचारलं, ह्या पोरी कुठून गोळा करता. मैत्रीण म्हणाली, आम्ही कुणाला बोलावत नाही. भगूरकडच्या एका म्हाताऱ्याची पाठ आम्ही रोज धुवायचो, त्याची भाचीच इथं राहायला आली. मला हे पटलं नाही. मी त्या भाचीला चुलीजवळ गाठून खोदून खोदून विचारलं. तीही तेच म्हणाली. शिकवून ठेवलेलं दिसतंय, असं मी मनात म्हटलं.

तिसऱ्या वर्षी पेठच्या बाजूला त्यांनी दुसरं घर काढलं आणि माझी मैत्रीण महिन्यातून आठ-दहा दिवस तिकडे असायला लागली. मग माझा रविवार फुकट जायचा. अशाच एका रविवारी केरळची सिस्टर परसात साड्या वाळत घालत होती. मी तिच्याकडे पाठ करून पायरीवर बसले होते. ती हातातला पिळा तसाच ठेवून माझ्यासमोर आली.

"ताई, तुम्ही वाट नको बघा," ती म्हणाली. "ती परत नाही येणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिनं काय करायचं ते ती मला सांगेल, तू कोण मधली, असं मी तिला तोंडावर फाडकन बोलले. बिचारीनं हात पुसले, आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. तो मी प्यायले नाही.

पुढच्या भेटीत मी हे सगळं मैत्रिणीला सांगितलं. वाटलं, ती चिडेल, निदान त्या बाईला विचारेल तरी. ती भाजी निवडत होती. खाली बघूनच म्हणाली, "तिचं मराठी कच्चं आहे गं. मनावर घेऊ नकोस."

मी मनावर घेतलं नाही. उलट मला बरंच वाटलं. आता हिलाही त्या बाईचं खोटं कळलं, असं मी समजले.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं मला नारळ आणि शाल दिली. त्याच महिन्यात तिची तीन वर्षं भरत होती. तिनं स्वतः फोन करून दिवस कळवला, म्हणाली, मिस्सा आहे, म्हणजे आमची मोठी प्रार्थना, तू ये. मी आदल्या दिवशी कणीक तुपावर खमंग भाजली, गूळ घातला, चुरमा केला, मोठा स्टीलचा डबा भरला. सायखेड्याला भावाला फोन केला की गवंड्याला आता लागा म्हणावं. तिच्यासाठी हिरवी साडी घेतली. चार वर्षं मातकट नेसून बाई कंटाळली असेल.

बस वळणावर हळू झाली तेव्हा मी सवयीनं मोजलं. नऊ होत्या.

बंगल्याच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मी मागच्या रांगेत बसले, डबा मांडीवर, हिरव्या साडीची पिशवी पायाशी. प्रार्थना झाल्या, गाणी झाली. मग माझी मैत्रीण पुढे गेली, गुडघे टेकले आणि हातातला कागद वाचायला लागली. आवाज तिचाच, दवाखान्यात औषधाच्या वेळा सांगायची तसा सरळ. माझं अर्धं लक्ष बसच्या वेळेकडे होतं. आणि कानावर शब्द पडला, आजन्म.

जन्मभर कागद वाचलेत मी. आजन्म म्हणजे काय ते मला कुणी समजावायची गरज नाही. तरी मी शेजारी बसलेल्या बाईला विचारलं की हे तीन वर्षांचंच ना. ती म्हणाली, नाही हो, ते पहिलं होतं, हे आता कायमचं. मी डबा घट्ट धरला. उठून जावं असं वाटलं, पण गेले नाही.

सगळं झाल्यावर लोक चहाला बाहेर गेले आणि ती माझ्याकडे आली. तिनं आधी डब्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "मी उद्यापनाची वाट बघतेय हे?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "ह्या व्रताला उद्यापन नसतं."

"मग चार वर्षं गप्प का बसलीस?"

"सांगितलं असतं तर तू रविवारी आली नसतीस."

खरं होतं ते. मी आले नसते. त्याच क्षणी दार आपटून निघून गेले असते आणि जन्मात तोंड पाहिलं नसतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण खरं असलं म्हणून काय झालं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, मी दूधवाल्यावर संशय घेतला, बिशपांच्या शिक्क्यावर घेतला, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या भाचीवर घेतला. फक्त तुझ्यावर घेतला नाही. तिचेही डोळे भरले होते.

मी तिथंच खुर्चीवर डबा उघडून तीन वाटे केले. देवाचा वाटा त्यांच्या वेदीपाशी नेऊन ठेवला. लोकांचा वाटा घेऊन परसात गेले. केरळची सिस्टर पाहुण्यांचे कप विसळत होती. मी तिच्या ओल्या हातावर पहिला घास ठेवला आणि म्हटलं, तुमचं मराठी चांगलं आहे. तिला काय समजायचं ते समजलं. तिनं चुरमा तोंडात टाकला आणि दुसऱ्या हातानं मला पुन्हा चहा दिला. ह्या वेळी मी प्यायले.

परत आले तेव्हा मैत्रीण डब्यापाशीच उभी होती. तिनं घरच्या वाट्यासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "तू घरची राहिलीस का?" आणि झाकण लावलं. तिचा हात तसाच राहिला. असं वागायला नको होतं, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं. तो चुरमा मी घरी दोन दिवस एकटीनं खाल्ला. गूळ नेमका पडला होता.

हिरवी साडी मी स्वतःच नेसते. सायखेड्याच्या दोन खोल्यांपैकी एकच बांधली. रविवारी मी अजूनही देवळाली कॅम्पला जाते, दोरी मोजते, आणि दोघी पायरीवर बसून जुन्यासारख्या गप्पा मारतो. तिची तब्येत हल्ली बरी नसते, पण विचारलं की म्हणते, मी ठणठणीत आहे. मी मान हलवते. मग परसात जाऊन केरळच्या सिस्टरला खरं काय ते विचारून येते.